पुनवेला रिकामी करायची खोली

माझी मुलगी पाच वर्षांची होती तेव्हा मी तुळजापूरला बदली मागून घेतली. हैदराबादची राजवट जाऊन आमचा मुलूख मुंबई राज्यात आला, त्यानंतरची ही गोष्ट. मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. मी शिकलो उर्दूत आणि शिकवायला लागलो मराठीत. सरकारी नोकरी आहे, एवढ्या एका गोष्टीवर माझं लग्न झालं होतं.

मला आईवडील नव्हते. मामानं वाढवलं. अणदूरच्या सासऱ्यांना मुलगा नव्हता, म्हणून लग्नातच ठरलं की जावयानं इथंच राहायचं. मी राहिलो. पुढं सासरे वारले. त्यानंतर वर्षभरानं बायकोनं आपल्या आईला सांगितलं, मला यांच्याजवळ नांदायचं नाही. आमचं भांडण असं कधी झालं नव्हतं. माझ्यात तिला काय कमी दिसलं हे मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. भाऊबंद बसले, काडीमोड झाली. काही महिन्यांत आळंदकडच्या एका शेतकऱ्याशी तिचा पाट ठरला. त्या लोकांनी पोरगी बरोबर आणू नका म्हणून आधीच बजावलं होतं.

घर त्यांचं होतं, त्यामुळं निघायचं मीच. सासूबाई त्या दिवशी चुलीपाशी बसून होत्या. मी एक ट्रंक, एक वळकटी आणि मुलगी घेऊन मोटारीत बसलो.

तुळजापुरात खोल्यांना तोटा नाही, असं मला वाटलं होतं. तोटा नव्हताच. पण त्या खोल्या देवीला येणाऱ्या लोकांसाठी होत्या. मास्तरच्या पगारात वर्षभर राहणाऱ्याला कोण देणार? ज्यांच्या घरात एखादं दालन पडून होतं, ते आधी मला पाहायचे, मग मुलीला पाहायचे आणि मग माझ्यामागं कोणी येतंय का ते पाहायचे. एका कापडवाल्याच्या घरी सगळं ठरत आलं होतं, तेवढ्यात आतून बाईनं विचारलं, "घरातलं माणूस कधी येणार?" मी खरं ते सांगितलं. मग आतून दुसरा प्रश्न आला, पोरीचं न्हाणंधुणं कोण करणार? मी म्हटलं, मीच करतो. कापडवाला म्हणाला, दोन दिवसांनी कळवतो. त्यानं कळवलं नाही.

एका वकिलाच्या जुन्या कारकुनानं मला चहा पाजला, मुलीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि नाही म्हणून सांगितलं. त्यांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या, एकटा पुरुष घरात ठेवला तर गाव बोलेल. माणूस भला होता. नकार देताना माझ्याकडं बघत नव्हता. आणखी एकानं सल्ला दिला, आधी लग्न करा, मग या.

शाळेतला एक सोबती म्हणाला, बायको वारली म्हणून सांगत जा, लोकांना दया येते. बोलणं खोटं नव्हतं. विधुर म्हटला की लोक जागा देत होते. पण मुलगी माझं बोट धरून शेजारीच उभी असायची. तिच्यादेखत तिच्या आईला मारणं माझ्या जिवावर आलं.

शेवटी एका पुजाऱ्यानं खोली दिली. त्याच्या अंगणाभोवती यात्रेकरू उतरवायच्या खोल्या होत्या, त्यातली कोपऱ्यातली. भिंतीवर हळदकुंकवाचे हात उठलेले, कोनाड्यात तेलाचा थर, आणि सगळीकडं नारळाच्या शेंड्यांचा वास. पुजारी म्हणाला, "राहा मास्तर. पण पुनव आली की खोली मोकळी पायजे. आन् नवरात्रात तर इचारूच नका."

मी हो म्हटलं.

पुनवेच्या आदल्या दिवशी ट्रंक आणि वळकटी जिन्याखाली सारायची, तवा, पातेलं पिशवीत घालायचं आणि शाळेच्या ओसरीवर मुक्काम हलवायचा. दिवसा मात्र आम्ही अंगणातच असायचो. माणसं यायची लांबून लांबून, सोलापूरकडून, विजापूरकडून. अंगणात चुली मांडायची, पुरण शिजवायची, देवीला निवद दाखवायची. मुलीच्या हातावर कुणी ना कुणी पोळी ठेवायचंच. तिनं तिथं एक गोष्ट सुरू केली. हातात फणी घ्यायची आणि नुकत्याच आलेल्या एखाद्या बाईपुढं जाऊन, तिच्याकडं पाठ करून बसायचं. बोलायचं काही नाही. ती बाई कोण कुठली, पण तिचे हात आपोआप पोरीच्या डोक्याकडं जायचे. गप्पा मारता मारता ती गुंता सोडवायची, वेणी घालायची, शेवटाला आपल्याजवळची चिंधी बांधायची. मुलगी डोळे मिटून बसायची. संध्याकाळी ती माणसं बैलगाडीत बसून निघून जायची. मला एकच वेणी येत होती, ती पण वाकडी. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून मी हे पाहायचो आणि कोणी विचारू नये म्हणून उगीच सोवळ्याच्या दोरीवरचं धोतर सारखं करायचो.

नवरात्र आलं. शाळेला सुट्टी लागली आणि वर्गात बंदोबस्ताचे पोलीस उतरले. नळदुर्गला माझा एक जुना सोबती मास्तर होता, त्यानं कधीतरी या म्हटलं होतं. आम्ही गेलो. त्याच्या दाराला कुलूप होतं, सुट्टीत तो सासरवाडीला गेला होता. शेजाऱ्यांनी पाणी दिलं आणि दार लावून घेतलं.

हमरस्त्यावर एक ढाबा होता. मालकानं विचारपूस केली नाही, बाजेकडं बोट दाखवलं. आम्ही तिथं राहिलो. हैदराबादकडं जाणारे ट्रक थांबायचे, ड्रायव्हर तोंड धुवायचे, पोरीला बघून हसायचे. तिला ती जागा आवडली होती. ती मला विचारायची, अप्पा, हा कुठं चाललाय, तो कुठं चाललाय. मी सांगायचो. आपण कुठं चाललोय हे तिनं विचारलं नाही, याचंच मला बरं वाटत होतं.

अणदूर तिथून किती लांब? कुणीतरी पाहिलंच. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई एका बैलगाडीतून उतरल्या. मुलगी धावत जाऊन त्यांच्या कमरेला बिलगली. त्या बाजेवर बसल्या, तिला मांडीवर घेतलं. आधी त्या मला जावई म्हणायच्या. आता काय म्हणावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी मला कशानंच हाक मारली नाही. बराच वेळ पोरीचे पाय चोळत राहिल्या. तळव्यांना भेगा पडल्या होत्या.

मग म्हणाल्या, "घर माझं हाय तंवर पोरीला तिथं जागा हाय. तुम्हाला न्हाय, ते मला बी कळतंय. पर तिला रस्त्यावर ठिवू नका."

मी म्हटलं, जागा मिळाली की मी तिला नेणार.

"न्या की. मी कुठं न्हाय म्हणते."

मुलगी गाडीत बसली. तिला वाटलं, मी पण येतोय. बैल चालायला लागल्यावर तिनं मागं वळून पाहिलं. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. गाडी वळेपर्यंत मी उभा होतो. ढाब्याच्या मालकानं माझ्यापुढं चहा ठेवला आणि तो त्याच्या कामाला लागला.

त्यानंतर खोली पुनवेला रिकामी करणं सोपं झालं. एकट्या माणसाचं सामान ते काय. उरलेले दिवस मात्र जड गेले. मी दोन भाकरी थापायचो, एक उरायची. सवयीनं मी तिच्या न्हाण्याचं पाणी कोमट करून ठेवायचो आणि मग ते तसंच ओतून द्यायचो. अंगणात कन्नड बोलणाऱ्या बायका आल्या की कान तिकडं जायचे, कारण सासूबाई पोरीशी कन्नडच बोलायच्या.

रविवारी मी अणदूरला जायचो. त्या घराची पायरी मला चढता येत नव्हती, म्हणून खंडोबाच्या देवळात बसायचो. सासूबाई शेजारच्या कुणाबरोबर तरी मुलीला धाडून द्यायच्या. आम्ही दोघं ओवरीत बसून शेंगा खायचो. ती काय काय सांगायची, शेळीला पिल्लू झालं, अज्जीनं कुंची शिवली. मी परका माणूस असल्यासारखी नीट मांडी घालून बसायची. थंडीच्या दिवसांत खंडोबा नळदुर्गला राहायला जातो, मूर्तीच तिकडं नेतात, तेव्हा ते देऊळ ओस असतं. मी त्या दिवसांतही जायचो. पुजारीसुद्धा नसायचा. एकदा तिला ताप होता, म्हणून कोणी आलं नाही, आणि निरोपही आला नाही. शेवटची मोटार येईपर्यंत मी त्या रिकाम्या देवळात बसून होतो. मुलीचं घर हाकेच्या अंतरावर होतं. चुलीचा धूर दिसत होता.

त्यात वर्ष गेलं. मी जागा शोधायचं सोडलं नव्हतं, पण विचारताना आवाजात जोर राहिला नव्हता. उन्हाळ्यात कुणी सांगितलं म्हणून गावाबाहेर, घाटाकडच्या वाटेला एका म्हातारा-म्हातारीचं घर होतं तिथं गेलो. पाणी लांबून आणावं लागायचं, म्हणून तिथं कोणी टिकत नव्हतं. मुलगा हैदराबादला गिरणीत होता, तो येत नव्हता. मी नेहमीसारखं सगळं आधीच सांगून टाकलं, बायको नाही, काडीमोड झाली, एक मुलगी आहे. म्हातारी दळत होती. तिनं जातं थांबवलं.

"मंग पोरगी कुठंय?"

मी सांगितलं, आजीकडं ठेवलीय.

"पयला तिला घिऊन या. भाड्याचं मागून बोलू."

बायको कुठंय असं मला गावभर विचारलं होतं. पोरगी कुठंय हे कोणी विचारलं नव्हतं. म्हातारा उठला आणि कोपऱ्यातली लाकडं हलवून जागा करायला लागला.

मी अणदूरला गेलो तेव्हा घर सोडल्यापासून पहिल्यांदा त्या घराच्या दारात उभा राहिलो. सासूबाईंनी मुलीचे कपडे घडी करून दिले. पोरगी यायला तयार नव्हती. शेळीच्या गळ्यात हात घालून बसली आणि मग फार रडली. सासूबाईंनी तिला कडेवर घेऊन मोटारीपर्यंत आणून सोडलं. जागेला पाणी आहे का, एवढंच त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, लांबून आणावं लागतं. त्या म्हणाल्या, लांबून तर लांबून.

पहिले काही दिवस ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. एका संध्याकाळी मी पिठलं टाकलं होतं. भिंतीपलीकडून म्हातारी कन्नडात काहीतरी म्हणाली. मुलीनं तिथूनच उत्तर दिलं आणि दोघी एकदम हसायला लागल्या. सासरी एवढी वर्षं राहून मला ती भाषा अर्धीमुर्धीच आली होती. काय विनोद झाला ते कळलं नाही. मी विचारलंही नाही. पिठलं ढवळत बसलो. मुलगी उठून पलीकडं गेली, तिकडून हसणं येत राहिलं. मी दोन ताटं वाढली आणि उंबऱ्यात येऊन तिची वाट बघत बसलो.