करंगळीची चूक

पहिलेच सांगते, भूतप्रेत मी मानत नाही. आमच्या घरात अंगारे-धुपारे चालत नाहीत. उंबऱ्यावर लिंबू-मिरचीसुद्धा बाबांनी कधी बांधू दिली नाही. या पानावर लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात ते मी वाचते, पण खरं सांगायचं तर अर्ध्याअधिकांवर माझा विश्वास बसत नाही. तेव्हा माझ्यावरही कोणी विश्वास ठेवावा असा आग्रह नाही. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव अमडापूरजवळ, कॉलेज चिखलीला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मागच्या हिवाळ्यात चिखलीत एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत मला एक काम मिळालं... म्हणजे मिळणार होतं, आधी तीन आठवडे चाचणी होती. काम असं – एकट्या माणसांशी बोलणारी, गोड हसणारी, खरी वाटणारी बाई व्हिडिओत दाखवायची. ती बाई नसतेच, एआय तिला बनवतं. तिने कसं बसावं, कुठे बघावं, कधी मान हलवावी, हे शब्दांत लिहून द्यायचं काम माझं. त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. मी आधी वहीत मराठीत लिहायची, मग इंग्रजी करायची. काम पक्कं झालं असतं तर चिखलीतच खोली करून राहता आलं असतं, रोजची एसटीची ये-जा सुटली असती आणि तिच्यापायी बुडणारा पहिला तासही वाचला असता.

तिथले मुख्य पवनभाऊ. माणूस चांगला, पण टोमणे फार. माझा पहिला प्रॉम्प्ट वाचून म्हणाले, "काय वं, हिच्या कपाळावर घाम काऊन लिवला? वावरात निंदाले चालली काय हे? गिऱ्हाइकाले सोबतीण पायजे, मजूर नाही!"

तिथला एक नियम होता. जो व्हिडिओ बिघडेल तो पुसायचा आणि तक्त्यात दोन रकाने भरायचे – 'चूक काय' आणि 'कशामुळे'. तो तक्ता वर, पुण्याच्या ऑफिसला जायचा.

शनिवारची दुपार होती, दोन वाजले असतील. मी लिहिलं होतं – तिशीतली बाई, खिडकीजवळ बसलेली, समोरच्याचं शांतपणे ऐकते, हात मांडीवर, घाई नाही. व्हिडिओ तयार झाला. चेहरा एखाद्या जाहिरातीतल्यासारखा, गोरापान. बाई ऐकत होती. आणि ऐकता ऐकता तिने उजव्या हाताची करंगळी आत वाकवली आणि अंगठ्याने तिच्या नखावर दाबली. दोनदा.

पवनभाऊ मागून म्हणाले, "पाह्य, बोट वाकडं केलं हिनं! मशीनले हात जमतच नाही अजून. लिव चूक."

मी व्हिडिओ मागे नेऊन तेवढंच पुन्हा बघितलं.

इथे मला ताईबद्दल सांगावं लागेल. रेखाताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. पाचवीत शाळा सुटली तिची, आईसोबत कापूस वेचायला जायची. सुट्टीच्या दिवशी मीही पुस्तक घेऊन वावरात जायची. दुपारी निंबाखाली सगळ्या बाया भाकर खायला बसायच्या तेव्हा ताई म्हणायची, वाच. मी धडा वाचायची. पण एखादं वाक्य समजलं नाही, असं चारचौघींत म्हणायची तिला लाज वाटायची. म्हणून पदराआड, फक्त मला दिसेल अशी, ती करंगळी वाकवून अंगठ्याने नख दाबायची, दोनदा. म्हणजे, परत वाच. मग मी स्वतःसाठीच वाचतेय असं दाखवून तेच वाक्य पुन्हा वाचायची. हे आम्हा दोघींशिवाय कोणाला माहीत नव्हतं. कुठे लिहिलेलं नाही, कोणाला सांगितलेलं नाही. ताई काविळीने गेली तेव्हा आमच्या घरात साधा बटणांचा फोन होता. तिचा एकही व्हिडिओ नाही.

मी प्रॉम्प्ट बदलला. 'हात स्थिर, बोटं सरळ' असं लिहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिच्या दोन्ही हातांत कप दिला. कपाच्या कानाशी करंगळी वाकली, अंगठा नखावर... दोनदा.

पवनभाऊ वैतागून चहा प्यायला खाली गेले. खोलीत मी एकटी. मला भीती वाटली नाही, हे खरंच सांगते. मला वाटलं, हिला समजलेलं नाही. मी वही उघडली आणि माझं मराठीतलं लिहिलेलं हळू आवाजात वाचलं – "ती समोरच्याचं सगळं ऐकते. तिला कुठे जायचं नाही." मग पुन्हा एकदा वाचलं. त्या कॉम्प्युटरला माइक नव्हता. प्रॉम्प्टचं एक अक्षर न बदलता मी बटण दाबलं.

करंगळी सरळ होती. बाई ऐकत होती आणि मान हलवत होती.

पवनभाऊ परत आले. "जमलं नं! काय बदललं वं तू?"

"काहीच नाही."

"बरं, राहू दे. आता ते तिन्ही पुस अन् तक्ता भर."

पुसायला मी तयार नव्हते, ते त्यांनीच पुसले. तक्ता मात्र मीच भरला. 'चूक काय' या रकान्यात तिन्ही ओळींत लिहिलं – चूक नाही.

"येडी झाली काय?" ते म्हणाले. "वरचे मले इचारतीन. बोट वाकडं, येवढं लिवाले काय जाते तुह्यं?"

"भाऊ, ती चूक नव्हती. मी नाही लिहिणार."

"मंग सोमवारी येऊ नको."

नाही गेले.

घरी आईला सगळं सांगितलं. ती तूर पाखडत होती, सूप थांबलं. "मले तं कधीच दिसलं नाही तिचं असं," म्हणाली. मग सूप खाली ठेवून, "लाज वाटे काय वं तिले, समजत नाही म्हणायले?"

"हो."

"मी बाजूलेच बसो..." एवढंच म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला. नंतर नेहमीच्या आवाजात म्हणाली, "लिवून द्याचा होता नं बाई एक शब्द. काम तं राह्यलं असतं."

"नाही लिहिलं, आई."

"बरं केलं. पण कोनाले सांगू नको, हासतीन लोकं."

मी तिला हो म्हटलं होतं. तरी इथे लिहिलं.

वर्गातल्या एकाने सांगितलं की एआय बोटांत नेहमीच गडबड करतं. करत असेल. मग तीनदा तीच बोटं, तसंच नख, दोनच वेळा – आणि वाचल्यावर सरळ? त्यावर तो म्हणाला, योगायोग. असेल. पुरावा माझ्याकडे नाही, व्हिडिओ पुसले गेले. ती ताई होती असंही मी म्हणत नाही, कारण तसलं मी अजूनही मानत नाही. मग काय होतं? मला माहीत नाही. रोज सकाळी एसटीत उभी राहून विचार करते, उत्तर सापडत नाही.

ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. ज्यांच्याकडे स्पष्टीकरण असेल त्यांनी जरूर द्यावं, मी ऐकेन. फक्त त्याला चूक म्हणू नका.