पोरीनं स्कुटीची चावी परत दिली

मंडळी, दुपारपासून डोकं सुन्न झालंय, म्हणून इथं लिहितोय.

माझी पोरगी बीडला कॉलेजात शिकते. गावात येणाऱ्या सकाळच्या एसटीनं जाते. बस कधी उशिरा येते, कधी येतच नाही. म्हणून आज वडवणीहून स्कुटी आणली, दारात नारळ फोडला आणि चावी तिच्या हातात दिली.

तिनं ती परत माझ्याच हातात ठेवली!

"पप्पा, मला न्हाई पायजे."

"अगं, कावून?"

"दुष्काळानं अर्धं गाव ऊसतोडीला गेलंय. सकाळच्या बसला आमी पाच पोरीच उरलोत. कंडक्टरकाका म्हनले, अजून एक शीट कमी झालं तर गावची फेरी बंद व्हईल. मी जाईन गाडीवर, पन बाकीच्या चौघींना घरीच बसवतील ना?"

मी हसलो. "एकटीच्या जाण्यानं कुठं बस बंद पडती व्हय?"

"मग आपली दूध संस्था कशी बंद पडली? एकेक जण निघत गेला, असं तुमीच सांगता की."

मी चावी खिशात टाकली.

मागच्या दुष्काळात गावची सहकारी दूध संस्था बंद पडली. त्यावर मी पारावर बसून लोकांना लई शिव्या घातल्यात. पण संस्थेत दूध घालायचं सगळ्यात आधी कुणी थांबवलं, हे पोरीला कधी सांगितलंच नाही.

तो पहिला माणूस मीच होतो.

हार घातलेली स्कुटी दारात उभी आहे. उद्या पोरगी बसला निघायच्या आधी तिला हे सांगू का?