देव नसलेलं झाड

"उभ्यानं बाग कळत न्हाय," असं अण्णा म्हणायचे आणि अंगातल्या कोटासकट धुळीत मांडी घालून बसायचे. माळ असो की साहेबाच्या बंगल्याचं आवार असो. आधी इथे बसायचं, मग उठून धोतर झटकायचं आणि चार पावलं पुढे जाऊन पुन्हा बसायचं. मान इकडे कर, तिकडे कर, ऊन कुठून येतं बघ, वाऱ्याला नाक लाव. एकदा कॅंपात, गोऱ्या पलटणीच्या वस्तीत, एका बंगल्यावर खानसाम्याला वाटलं, भिकारी बसलाय. त्यानं भाकरी आणून दिली. अण्णांनी ती खाल्ली आणि घरी येऊन आम्हाला सांगितलं, "ती जागा बसायला बरी हाय. भाकरी मिळती."

अशी माणसं तुम्हीही बघितली असतील, स्वतःवरचा विनोद आधी स्वतःच सांगून टाकणारी. दुसऱ्याला वावच ठेवत नाहीत.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. शहापुरात आमच्या घरासमोरच्या माडीवर ते भाड्याने राहत. खाली माग, वर अण्णा. खालून दिवसभर खटक-खटक चालायचं आणि वर हे कागद पसरून रेघा ओढायचे. काम बागा आखायचं. झाड कुठे, वाट कुठे, बसायची जागा कुठे, पावसाचं पाणी कुठून कुठे जाणार, हे सगळं आधी कागदावर आणि मग जमिनीवर चुन्याने. पुण्याला कुठल्याशा कचेरीत नकाशे काढायला शिकले आणि तिथून ह्या नादाला लागले. आता म्हणे ही विद्या शिकवणारी कॉलेजं आहेत. तेव्हा आमच्या गल्लीला हे सांगून पटायचं कसं?

"म्हंजे माळीच की," माझे आप्पा मागावरून म्हणायचे.

"माळी झाड लावतो, आप्पा. मी माणूस कुठं बसंल ते बघतो."

"माणूस काय, कुठंबी बसतंय."

"बसतंय व्हय. पण लगीच उठून जातंय. त्याला बसवून ठिवायचं म्हंजे काम हाय."

निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने त्यांच्याकडून घरापुढची बाग आखून घेतली होती. मधे हिरवळ, कडेने फुलझाडं, लई झोकात. सुगी आली तशी व्यापाऱ्याने त्या सगळ्या हिरवळीवर तंबाखू वाळत घातली. अण्णा कौतुकाने बाग बघायला गेले ते शिंकतच आत शिरले. परत आल्यावर कितीतरी दिवस सांगत होते, "माझं गवत तंबाखू खाऊन बसलंय, आप्पा. पिचकारी टाकायचं तेवढं राह्यलंय."

पण हे हसणं-बोलणं सगळं खाली. जिना चढून वर गेले की माणूस मिटून जायचा. बायको तापाच्या साथीत गेलेली, पोरबाळ नाही. जेवायला आमच्या सोप्यात असायचे. आई वाढायची, आप्पा गप्पा मारायचे आणि मी आत, भिंतीच्या आडोशाला, रहाटावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली असायची.

माझंही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी तेव्हा विशीतली. लग्न होऊन सासरी गेले होते आणि कुंकू पुसून परत आले होते. घरात माझा एक कोपरा होता. त्यात रहाट, सुताच्या लडी आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद. त्या कागदांवरूनच मी वाचायला शिकले. देवळात जायचं ते गर्दी ओसरल्यावर. कुणाकडे हळदीकुंकू असलं की आपण मागच्या दारी. वाईट कुणी नव्हतं हो. रीतच तशी होती, आणि रीतीला तोंड नसतं, भांडायचं कुणाशी? अण्णा आणि मी समोरासमोर कधी बोललो नव्हतो. मधे आप्पा असायचे, नाहीतर भिंत.

मग गल्लीच्या टोकाला, जिथे घरं संपून शेतं सुरू होतात, तिथल्या मोकळ्या जागेवर गावासाठी बाग करायचं ठरलं आणि आखायचं काम अण्णांकडे आलं. त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जास्त जेवले.

"साहेबाच्या बागा केल्या, शेटजीच्या केल्या," ते आप्पांना म्हणाले. "आमच्या हिनं एक न्हाय बघितली. 'एकदा दाखवा की' म्हणायची. फाटकावर शिपाई, कसं न्हेणार? आता ही बिनफाटकाची हाय, तर..."

आप्पांनी चटणीची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

त्या बागेत त्यांनी बायकांसाठी वेगळा भाग काढला. भोवती बांबूच्या तट्ट्यांचं कुंपण, आत बुटके कट्टे, पाय सोडून बसता येईल असे. पदर डोक्यावरून खाली आला तरी कुणाची नजर पडू नये, अशी सगळी सोय. बाग खुली झाली. पुरुष आले, पोरं आली, म्हातारे तर उठेचनात. बायकांच्या भागात मात्र कुणी पाऊल टाकेना. अण्णा रोज संध्याकाळी जायचे, पुरुषांच्या बाजूला बसून तिकडच्या वाटेवर लक्ष ठेवायचे आणि जेवायला यायचे.

"आली का कोण?" आप्पा विचारायचे.

"आलत्या की. दोन शेळ्या."

आप्पा हसायला लागायचे.

"हसू नका. बायकांच्याच भागात आलत्या. बोकड असता तर मी हाकललं असतं."

पण रोज रोज विनोद तरी कुठून आणणार? पुढे पुढे आप्पांनी विचारायचं सोडलं आणि अण्णांनी सांगायचं. खाली मान घालून जेवायचे. एके दिवशी भाकरी तशीच हातात धरून म्हणाले, "आप्पा, आक्काला विचारा जरा. बायका का येत न्हाईत?"

आक्का म्हणजे मी. माझा रहाट थांबला. आप्पा काही विचारायच्या आधीच मी भिंतीआडून बोलून गेले.

"घरी सांगायचं काय, अण्णा? बाई पाण्याला जाती, देवाला जाती, धुण्याला जाती. नुसतं बसायला कुठली बाई घरातनं भाईर पडंल? सासू म्हणंल, घरात बसायला काय झालं?"

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग अण्णा हळूच म्हणाले, "म्हंजे झाडाकडं काय तरी काम पायजे."

"व्हय. काम पायजे."

मग मी सांगत गेले. वटपौर्णिमेला वड लागतो. कार्तिकात आवळीखाली जेवायला जातात. पूजेला पत्री लागते. दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं. त्यांनी ते सगळं मनात ठेवलं. जुना वड होता, पण तट्ट्यांच्या बाहेर, रस्त्याच्या अंगाला. कुणीसं म्हणालं, वड आत कसा घेणार? अण्णा म्हणाले, "वड हलत न्हाय. कुंपण हलतंय." कुंपण उखडून वडाच्या पलीकडे घातलं, वडाला पार बांधला. आवळी शेताच्या कडेला होतीच, तीही आत आली. बाकीची रोपं आणून लावली.

आणि वटपौर्णिमेला शहापूर लोटलं. साड्या विणणाऱ्यांची गल्ली ती. त्या दिवशी पहिल्यांदा त्या साड्या उन्हात, झाडाखाली, एकत्र दिसल्या असतील. बायका सूत गुंडाळून झाल्यावर उठायचं नाव घेईनात. पाय सोडून बसल्या. सासवांची उणीदुणी निघाली. अण्णा बाहेर रस्त्यावर उभे राहून आवाज ऐकत होते. त्यांना आत जायची मुभाच नव्हती. जेवायला आले ते पोरासारखे.

"काय कालवा हो आप्पा! एकीचं ऐकू येईना दुसरीला. आक्का, तुम्ही कुठं बसलता? पाराच्या ह्या अंगाला का त्या?"

आईनं पळी खाली ठेवली. म्हणाली, "ती कशाला जातीय तिथं, अण्णा? आज सवाष्णींचा दिवस."

अण्णांनी हात धुतला. ताट तसंच राहिलं.

त्यानंतर चार दिवस ते वरून उतरलेच नाहीत म्हणा. आले तेव्हा त्यांनी आप्पांना मधे न घेता सरळ भिंतीला विचारलं, "आक्का, तुमच्यासाठी कुठलं झाड हाय?"

मी चैत्रापासून फाल्गुनापर्यंत मनातल्या मनात हिंडून आले. वर्षभराच्या सगळ्या सणांखालून गेले. मग मला हसूच आलं. "आमच्यासाठी न्हाय, अण्णा. कुठलंच न्हाय."

माझ्या त्या हसण्याला ते हसले नाहीत. त्यांच्यासारखा माणूस हसला नाही, म्हणून ते माझ्या लक्षात आहे.

मग त्यांचा एक नवाच उद्योग सुरू झाला. ज्याची कुणी पूजा करत नाही असं झाड शोधायचं! भटजींना विचारलं, गुरवाला विचारलं, जैनांच्या बस्तीतल्या पंडितांना विचारलं, एका स्वामींना कानडीतून विचारलं. रोज जेवताना हकीकत.

"पिंपळ मुंजाचा, उंबर दत्ताचा, बेल महादेवाचा, कडुलिंब देवीआईचा. बस्तीतल्या पंडितांनी तर एकेका तीर्थंकराला एकेक झाड काढून दिलं. मी म्हटलं, महाराज, जरा शिल्लक ठिवा!"

"चिंच लावा की," आप्पा म्हणाले.

"चिंचंवर हडळ असती," आई आतून ओरडली.

"मग बाभूळ."

"बाभळीवर भूत."

अण्णांनी कपाळावर हात मारला. "देव न्हाय तर भूत! या मुलखात एक झाड मोकळं न्हाय, आप्पा. सगळ्यांवर कोण ना कोण बसलंयच."

शेवटी कॅंपातल्या एका बंगल्यातून त्यांनी एक रोप आणलं. विलायती शिरीष. पसरलं म्हणजे लग्नाच्या मांडवाएवढी सावली धरतं म्हणाले. "बोटीतनं आलंय. ह्याचा देव अजून हिकडं पोचला न्हाय. हे वडाच्या लांब, कोपऱ्यात लावतो. आक्काला सांगा, ह्या झाडाला काय काम न्हाय. कुंकू न्हाय, सूत न्हाय. ह्याच्याखाली कुणीबी यावं."

रोप लागलं. ते माझ्या कमरेइतकंही नव्हतं. आता प्रश्न माझा होता. मी जायचं म्हटलं आणि आई दारात उभी राहिली.

"काय म्हणून जाणार? लोक विचारतील, तर सांगणार काय?"

बायकांना सबब लागते हे मीच शिकवलं होतं आणि माझ्याकडेच सबब नव्हती. मी परत फिरणार, एवढ्यात आप्पांचा माग थांबला. ते उठले, खुंटीवरची छत्री काढली आणि माझ्या हातात दिली. "ऊन लई हाय," म्हणाले. "झाड अजून ल्हान हाय." आणि परत मागावर जाऊन बसले. आई दारातून बाजूला झाली.

गेले. त्या एवढ्याशा रोपाशेजारी छत्री उघडून बसले. दिसायला काय वेडेपणा दिसला असेल! दोन बायका जाताना थांबल्या. "काय गं, हितं काय हाय?" "झाड हाय," मी म्हटलं. त्या गेल्या. मी छत्री जरा मागे कलती केली. येळ्ळूरच्या गडाकडून ढगांच्या सावल्या शेतांवरून सरकत येत होत्या. एवढं मोठं आभाळ मी लहानपणानंतर बघितलंच नव्हतं. आमच्या परसातून पत्र्याएवढं दिसायचं.

कुंपण हलवलं तेव्हापासून त्या कोपऱ्यात तट्ट्या नीट लागलेल्या नव्हत्या, पलीकडची पुरुषांची बाजू दिसत होती. तिथे अण्णा होते. त्यांनी मला बघितलं. ते जवळ आले नाहीत, हात केला नाही. उठले, कोट सारखा केला आणि माझ्याकडे पाठ करून बसले. आसपासच्या माणसांनाही काहीतरी दाखवत त्यांची तोंडं तिकडे वळवली. मी उठेपर्यंत त्यांनी मागे बघितलं नाही. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी एवढं केलेलं नाही.

थोड्याच दिवसांत त्यांना एका लहान संस्थानातून राजवाड्याची बाग आखायला बोलावणं आलं. लोंढ्याला गाडी बदलून जायचं होतं. निघताना आईला नमस्कार केला, आप्पांना म्हणाले, "येतो की पावसाळा झाला की." पावसाळे झाले. तिकडेच ताप आला आणि गेले, असं साड्या विकायला त्या बाजूला गेलेल्या आमच्यातल्याच एकाने येऊन सांगितलं. शेवटी जवळ कोण होतं, कळलं नाही. माडीवर दुसरं बिऱ्हाड आलं. सोप्यातली त्यांची जेवायची जागा मात्र आई बरेच दिवस रिकामी सोडून पुढच्यांना वाढायची.

शिरीष वाढला. त्याच्या सावलीत आधी मी एकटीच असायची. मग नवऱ्याने टाकलेली एक आली. पोर होत नाही म्हणून वडाकडे जायची लाज वाटणारी एक आली. मग आणखी माझ्यासारख्या. कुणी कुणाला विचारायचं नाही, कशाला आलीस म्हणून.

स्वराज्य येणार येणार म्हणून गावात गडबड चालू होती त्या दिवसांत, एका सकाळी जाऊन बघते तर शिरीषाच्या बुंध्याशी एक दगड मांडलेला. ताजा शेंदूर, वर झेंडूचं फूल, पुढे नारळाची करवंटी. देवाला अखेर पत्ता लागला होता.

मी इकडे तिकडे बघितलं. कुणी नव्हतं. पाया पडले, खोटं कशाला सांगू? मग दगड पदरात घेतला, लई जड होता, छातीशी धरून वडापर्यंत नेला आणि पारावर नीट मांडला. फूलही परत वर ठेवलं.

"देवा, तुला सगळा गाव हाय," मी म्हटलं. "तेवढा कोपरा सोड."

पदराला शेंदूर लागला होता. तो तसाच घेऊन मी परत आले आणि शिरीषाखाली बसले.