काचेला कुंकू नको

शमीमचे यजमान, युनूसभाई, यांचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते. "ताई, शमीम गेली," एवढंच बोलले. नगरच्या दवाखान्यात, हृदयविकाराच्या झटक्याने. अशा वेळी माणसाला रडू येतं म्हणतात. मला राग आला, आणि महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही.

शमीम शेख आमच्या कोपरगावच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची, मी केमिस्ट्री. दोघींच्या प्रयोगशाळांमध्ये एकच भिंत. खंडेनवमीला आमच्याकडे उपकरणांची पूजा होते. झेंडूची फुलं बाजारातून तीच आणायची, आणि हळदकुंकवाची वाटी पुढे करण्याआधी सगळ्यांना दम भरायची, "लाकडाला लावा, लोखंडाला लावा, काचेला बोट लावाल तर याद राखा." त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही. फिजिक्सची पूजा म्हणजे शमीम मॅडमची पूजा, असंच सगळे धरून चालायचे.

मग सरकारने क्वांटम फिजिक्सचं मनावर घेतलं. संशोधनाला बळ देणारी योजना आली आणि शमीमने हात धुऊन पाठी लागून आमच्या कॉलेजला एक संच मिळवला. लेसर, आरसे आणि प्रकाशाचा एकेक कण टिपणारं यंत्र. उसाच्या गावातल्या पोरींनी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, एवढीच तिची हौस. त्याच सुमारास क्वांटम संशोधनाच्या कायद्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला झाला. तिने तो सुट्टीत अख्खा वाचून काढला आणि एकच सूचना पाठवली, की सरकारी मदतीने आलेलं यंत्र तालुक्यातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला वापरता आलं पाहिजे, नाहीतर ते परत घ्यावं. मी चेष्टा केली, "हो, दिल्लीवाले तुझीच वाट बघत बसलेत." ती म्हणाली, "बसले नसतील तर बसवू."

या नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष आले. नारळ फुटला आणि साहेबांनी कुंकवाचं बोट थेट आरशाकडे नेलं. "साहेब, काचेला नको!" शमीम ओरडली. त्या आरशावर बोटाचा ठसाही चालत नाही, हे सांगायला तिला कुणी वेळच दिला नाही. साहेबांचा हात थांबला, चेहरा पडला. चहा होईपर्यंत कुजबुज पसरली की मॅडमना आपलं कुंकू चालत नाही. इतकी वर्षं जिने आणलेली फुलं वाहिली, तिच्याबद्दल ही भाषा. मी तिथेच भांडले. "अहो, तुम्ही चष्म्याला कुंकू लावता का?" असं तोंडावर विचारलं. कुणी हसलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी 'सुरक्षेसाठी' म्हणून तिथली किल्ली साहेबांच्या ऑफिसात गेली, ती गेलीच. शमीम मागायला जायची, उत्तर ठरलेलं, उद्या या... पोरी तिला विचारायच्या, ती त्यांना फळ्यावर आरसे काढून दाखवायची. सरकारने यंत्र दिलं, आणि आमच्या संस्थेने त्याला कुलूप दिलं. सुधारित मसुदा आला, त्यात समित्या वाढल्या होत्या आणि शमीमची सूचना कुठेच नव्हती. "सुनंदा, पुन्हा पाठवते," एवढंच म्हणाली. पाठवलीही.

शोकसभेत हेच साहेब गहिवरून बोलले. कॉलेजचं भूषण वगैरे. प्रयोगशाळेला शमीमचं नाव देऊ, अशी घोषणा केली. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारे युनूसभाई उभे राहिले. "नाव नको, साहेब. तिच्या पोरींना आत जाऊ द्या." साहेब "बघू" म्हणाले आणि पुढच्या वक्त्याला बोलावलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

गेल्या आठवड्यात पाटी लागली. सोनेरी अक्षरांत शमीमचं पूर्ण नाव आणि त्याखाली कुलूप. तिच्या शेवटच्या वर्षाच्या मुली प्रॅक्टिकलला आल्या, तर शिपाई दारात आडवा. "साहेब न्हाई म्हनलेत. माझ्या हातात काय हाय?" त्या बिचाऱ्याचा काय दोष. मी म्हटलं, "जा, साहेबांना सांग, मॅडम किल्ली मागतायत."

"कोनत्या मॅडम?"

मी वरच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि मुलींना म्हटलं, "बसा गं इथेच, दारात."