राखणदाराची बाटली

रविवारी सकाळी आठच्या गाडीसाठी गुरुदास वाडीच्या थांब्यावर आला, तेव्हा सुक्या बांगड्यांची पाटी घेऊन काशीबाई आधीच तिथं बसली होती.

"खंय रे चललस?"

"ओरोसाक. होडयेचे कागद करूचे आसत."

"आयतवारी खंयचा हापीस उघडा आसता, झिला?"

खोटं काय बोलायचं ते त्यानं दोन दिवस घोकलं होतं. वार मात्र बघितला नव्हता. तो रस्त्याकडे बघत राहिला. गाडी आली आणि तो सुटला.

गुरुदास सत्तेचाळीस वर्षांचा. होडीवरचा तांडेल, म्हणजे जाळं कुठं टाकायचं ते सांगणारा. वैशाखात बायको मथुरा मुलीला घेऊन कुणकेश्वरला माहेरी निघून गेली होती. परत आली ती एका अटीवर. "एकदा जरी वास इलो, तरी मी परत येवचंय नाय," एवढंच ती म्हणाली आणि गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंकडून आणलेला फोन नंबर त्याच्या हातात ठेवला. दारू सोडू पाहणाऱ्यांची दर रविवारी ओरोसला बैठक होते, तिथला तो नंबर. त्यानं दोनदा फोन लावून कापला. तिसऱ्यांदा बाईचा आवाज आला, म्हणून चुकीचा लागला असं समजून कापला. मग तिकडूनच फोन आला.

शाळेच्या मागची खोली, असा पत्ता होता. विचारायचं तर कुठं जायचंय ते सांगावं लागणार, म्हणून त्यानं कुणाला विचारलं नाही. शाळेला दोन फेऱ्या मारल्या. खुर्च्या ओढल्याचा आवाज ऐकून आत शिरला.

आत सात माणसं आणि चहाची किटली. फोनवरची बाई, योगिनी, समोरच बसली होती. नीट इस्त्रीची साडी, चष्मा. ही दुसऱ्यांना सुधारायला आली असणार, असं त्याला वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "मी योगिनी. मला दारू सोडून सहा वर्षं झाली." गुरुदासनं मान खाली घातली.

"बस रे," एसटीतून निवृत्त झालेला बाळा मेस्त्री त्याला म्हणाला. "उभो कित्याक? हयसर कोण तुका चकणो देवचो नाय."

बोलायचं नाही असं ठरवून आलेला गुरुदास तासाभरानं बोलला. आपला आज एकविसावा दिवस, हे सांगितलं. मग खरं काय ते सांगितलं. गुरुवारी अवस. होड्या पाण्यात लोटण्याआधी वाडीतले पुरुष खाडीच्या तोंडावर वाडीची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, कोंबडा, विडी आणि दारूची बाटली देतात. गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मागणं मागायचा, मान त्याच्या घराचा. बाप गेल्यापासून तोच घालतो.

"देवाला किती लागते?" योगिनीनं विचारलं.

"द्रोणभर."

"आणि उरलेली?"

"उरलेली आमका. पयलो घोट गाऱ्हाणा घालणाऱ्याचो. तो नाय घेतलो तर गाऱ्हाणा पावना नाय, म्हणतत."

"म्हणजे देवाक द्रोण आणि तुका बाटली," बाळा म्हणाला. दोघं हसली. गुरुदासही हसला.

"जाऊच नका," एकजण म्हणाला.

"न जाऊन कसा चालात? होडयेक काय झाला तर वाडी माझा नाव घेतली."

निघताना बाळानं आपला नंबर लिहून दिला. "सील तू फोडू नको. बाकी तुझा तू बघ."

गुरुवारी चुलतभाऊ मंगेशनं बाटली त्याच्यापुढे ठेवली. गुरुदासनं हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ही पोरांबाळां दर्यावर जातत, तेंका सांभाळ म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

"जाळा भरान येव दी म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

तो थांबला. "कोणाक कसली सवय सोडूची आसात, तर ती सोडव म्हाराजा."

"होय म्हाराजा!" सवयीनंच सगळे ओरडले. मग त्यानं बाटली उचलून मंगेशकडे दिली. "तू फोड. पयलो घोट तुझो."

"रीत मोडतस?" मंगेश म्हणाला. "बायलेक भियालस?"

"भियालंय."

मंगेशनं सील फोडलं. वास आला तसा गुरुदास उठला आणि मागं न बघता घरी आला. मथुरा दारातच होती. ती जवळ आली. त्यानं तोंड उघडलं. तिनं वास घेतला आणि चुलीकडे गेली.

पुढचा रविवार त्यानं चुकवला. रीत का मोडली, असं लोक विचारत होते, म्हणून घराबाहेरच पडला नाही. पावसाळी मासेमारी बंदी संपली आणि एक तारखेला होड्या सुटल्या. दोन दिवस जाळी जवळजवळ रिकामी आली. वाडीतल्या दुसऱ्या होड्यांनाही फारसं काही मिळालं नव्हतं, पण ते कुणी बोललं नाही. जाळं ओढताना मंगेश त्याच्याकडे बघायचा. संध्याकाळी होडीवर क्वार्टर फिरली, ती त्याच्यासमोर जरा जास्तच वेळ धरली गेली. किनाऱ्याला लागल्यावर त्यानं बाळाला फोन लावला. "मी गुरुदास," एवढंच म्हणाला. "आयतवारी ये," पलीकडून बाळा म्हणाला.

रविवारी मंगेशला होडी घेऊन जायला सांगून तो आठच्या गाडीला उभा राहिला. हंगामात तांडेल किनाऱ्यावर, हे सगळ्या वाडीनं पाहिलं. काशीबाई पाटी घेऊन बसली होती.

"परत हापीस?" तिनं विचारलं. "आज पण आयतवार आसा रे."

"म्हायत आसा," तो म्हणाला आणि गाडीत चढला.