मुलींनी निवडलेली पुस्तकं

दर्यापूरच्या शाळेत मी ग्रंथपाल आहे. पुस्तक मेळाव्याची कल्पना माझीच. दरवर्षी ग्रंथालयात मुख्याध्यापकांच्या पसंतीची पुस्तकं यायची: निबंधमाला, सुविचार, थोरांची चरित्रं. मुलं कपाटांकडे फिरकत नसत. म्हणून मी सुचवलं, की अकोल्याहून विक्रेता बोलवू, मुलं स्वतः पुस्तकं चाळतील आणि त्यांना आवडतील तीच यंदा घेऊ. सरांनी होकार दिला. मी वर्गावर्गात जाऊन तसं सांगूनही आले.

अकोल्याचे विक्रेते टेम्पो भरून पुस्तकं घेऊन आले. आठवीतल्या मुलींनी बाकं जोडून दिली, पुस्तकं मांडली. तेवढ्यात निरोप आला, संस्थेचे अध्यक्ष फीत कापेपर्यंत कुणी पुस्तकांना हात लावायचा नाही. मांडलेल्या पुस्तकांवर आम्ही चादरी टाकल्या. मुलं मैदानात उन्हात बसली. अध्यक्ष आले तेव्हा दुपार कलली होती. वाचनसंस्कृतीवर ते खूप वेळ बोलले, मुलांच्या हातात पुस्तकं देऊन फोटो काढले, आणि गेले. तोवर खेड्यांवरच्या मुलांची एसटी लागली होती. ती तशीच दप्तरं उचलून पळाली.

दुसरा दिवस मात्र खरोखर मुलांचा होता. दाटीवाटीनं, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत ती वाचत होती. आठवीतली एक मुलगी सापांवरचं जाडजूड पुस्तक घेऊन भिंतीशी फतकल मारून बसली होती. तिच्या घरी भाजीपाल्याची शेती. मी जवळ गेले तर तिनं एका चित्रावर बोट ठेवलं.

"मॅडम, हा तं आमच्या घरात निघते. आमी मण्यार म्हणून मारतो त्याले. याच्यात लिहेल हाये का हा कवड्या हाये, बिनविषारी."

"मग हे घ्यायचं का ग्रंथालयात?"

"घ्याच मॅडम. आमच्या साऱ्या पोरी वाचतीन."

संध्याकाळपर्यंत मुलांनी निवडलेल्या पुस्तकांचा एका बाकावर चांगला ढीग झाला. तो पाहून सुखावलेली मी सरांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, "बसा मॅडम. अध्यक्षांच्या भाषणांचं पुस्तक निघालंय. यंदाचं सगळं अनुदान त्यालाच जाईल."

"सर, मी मुलांना शब्द दिलाय."

"मुलांचं काय घेऊन बसलात? चार दिवसांत विसरतात."

"मग मेळावा कशाला भरवला?"

"पेपरात फोटो आला ना. शाळेचं नाव झालं." आणि ते फोनकडे वळले.

विक्रेत्यांना सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. ते चिडले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. ढिगातली पुस्तकं खोक्यात भरताना एवढंच म्हणाले, "मले वाटलंच होतं मॅडम. पुढच्या खेपेले गाईडंच आणतो."

सापांचं पुस्तक मी त्यांच्याकडून स्वतःसाठी म्हणून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीला बोलावून तिच्या हातात दिलं. तिनं विचारलं, "बाकीची कुठी हायेत?"

"ती नाही घेता आली गं."

"काहून? तुमीच तं सांगतलं होतं, आमी निवडू थेच पुस्तकं येतीन म्हणून."

मी म्हटलं, "हे तू ठेव. तुझं स्वतःचं."

"मले एकटीले नाई पायजे," ती म्हणाली. पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून ती वर्गात निघून गेली. ती रागावलेली दिसत नव्हती. मोठ्या माणसांचं काय ते तिला कळून चुकलं होतं, एवढंच.

पुढे भाषणांच्या पुस्तकाचे गठ्ठे आले. प्रत्येक प्रतीवर शिक्का मीच मारला. त्यातली एकही प्रत आजवर कुणी घरी नेलेली नाही. मेळावा आता दरवर्षी भरतो. गाईडं, प्रश्नसंच आणि स्टिकरं जोरात खपतात. ती मुलगी दहावी होईपर्यंत रोज नमस्कार करायची, पण ग्रंथालयाची पायरी तिनं पुन्हा चढली नाही.

यंदा मी मुद्दाम आठवीच्या वर्गात गेले. विचारलं, "तुम्हाला कोणती पुस्तकं हवीत?" मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "काही बी आणा मॅडम," आणि सगळा वर्ग हसला.