सगुणमामांची पाठ

सगुणमामांबद्दल लिहायचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगतो आणि माफी मागतो. एक तर मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घरात पुस्तकं आहेत ती माझ्या अभ्यासाची, आणि आईची एक पोथी. दुसरं कारण मोठं आहे. ते पुढे येईल. तिथे माझा हात अडखळला तर सांभाळून घ्या.

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ते आमच्या जीपच्या मागच्या भागात उताणे पडले होते. देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढलेल्या, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल, डोळे घट्ट मिटलेले आणि दोन्ही हातांनी बाकाचे लोखंडी पाय पकडलेले. "चल," ते म्हणाले. "उत्तमाक नेतंस तसोच चल. माका बघून सावकाश जाव नको."

उत्तम म्हणजे माझे बाबा. खाणी चालू होत्या तेव्हा ते खनिजाचा ट्रक चालवायचे, आणि त्या ट्रकचे पाटे सगुणमामा बांधायचे. पाटे म्हणजे चाकांवर एकाखाली एक रचलेल्या लोखंडाच्या वाकड्या पट्ट्या. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर असतो. डिचोलीत रस्त्याला लागून मामांची पत्र्याची शेड होती. खाणी बंद झाल्यावर बाबांचा ट्रक गेला आणि एक जुनी जीप आली. दोन वर्षांपूर्वी जीपच्या टपावर सामान बांधताना बाबा खाली पडले ते पाठीवर. ऑपरेशन झालं. पाय वाचले. पण आठवड्यातून दोनदा म्हापशाच्या इस्पितळात व्यायामाला न्यायचं आणि वाटेत हिसका बसू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हिसका बसला तर काय, असं मी विचारलं. डॉक्टरांनी बाबांच्या पायांकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

आमचं घर मोप्याच्या सड्याखाली, म्हणजे कातळाच्या पठाराखाली, पेडण्याच्या बाजूला. वर विमानतळाकडे रस्ता गुळगुळीत आहे. आमच्या उतारावर मात्र जांभ्याचे दगड, चाकोऱ्या, आणि शेवटी एक व्हाळ, म्हणजे ओढा. जीपचं पोट दगडावर घासलं की मागे फळीवर निजवलेल्या बाबांच्या तोंडून बारीक आवाज यायचा. तो आवाज ऐकून माझे हात स्टिअरिंगवर ओले व्हायचे. जीप उंच करायला हवी होती, आणि उंच केल्यावर ती आपटायलाही नको होती. म्हणून मी डिचोलीला गेलो होतो.

शेडमागच्या खडबडीत वाटेवरून मी गाडी नेऊ लागलो. मागून आवाज येत होता. "थांब. हय भियालंय... चल. हय नाय... ह्यो दगड कमरेक लागलो... चल." परत आल्यावर मामा उतरले तेव्हा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. त्यांना बरं नाही असंच मला वाटलं. दारातून सुनंदामामी म्हणाल्या, "काय होवक नाय रे तेका. गाडीत बसलो की असोच घामेजता. आमच्या लग्नाक सगळी वरात गाडीतसून इली, आणि न्हवरो चलत!"

"हस तू," मामा म्हणाले. "माझा भय हाच माझो मीटर."

ते खरंच होतं. हजारो गाड्यांचे पाटे बांधलेल्या या माणसाला गाडीची भयंकर भीती वाटे. ते स्वतः कधी गाडी चालवायला शिकले नाहीत. पण काम घेण्याआधी आणि दिल्यावर, त्या गाडीत ज्याला सर्वात जास्त त्रास होणार असेल, त्याच्या जागी ते स्वतः बसत. कुणाची म्हातारी आई मागे डाव्या बाजूला बसत असेल तर हे तिथे बसत. बाबा निजून जायचे म्हणून हे निजले. "गाडी चलयतल्याची नसता, इंजिनेर," ते मला म्हणाले. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो, तेवढ्यावरून त्यांनी मला ते नाव ठेवलं होतं. "चलयतल्याक फुडलो दगड दिसता. मागे आसा त्येका काय्येक दिसना नाय. गाडी त्येची."

मी मोबाईलवर व्हिडिओ पाहून गेलो होतो. चार इंच वर करूया, असं म्हणालो. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बापाशीक माडार चढवतलंस काय? तीन बोटा. तीन बोटांत दगड चुकता आणि पोट ढवळना नाय. चौथा बोट यमाचा."

मग चार दिवस मी शेडमध्ये बसून त्यांचं काम पाहिलं. त्यांनी प्रत्येक चाकावरचा एक जाड पाटा काढून त्याच्या जागी दोन पातळ घातले, म्हणजे जोर तेवढाच राहतो पण अंग मऊ होतं. बाकीच्या पाट्यांना ऐरणीवर ठेवून हातोड्याने जास्त बाक दिला, आणि तोही थंडच. "तापवलो की पाटो आपली याद विसरता," ते म्हणत. "थंड मारलो की कुरकुरता, पण आयकता." दोन पाट्यांमध्ये ग्रीस भरताना ते लहान मुलाला तेल लावावं तसं बोटाने लावत. शेवटी त्यांनी जरा रुंद रिमा शोधून आणल्या आणि चाकं थोडी बाहेर घेतली. मी कारण विचारलं. "उंच जातल्यान पाय फाकवन उभ्या रवाचा. डोक्यार भारो घेवन व्हाळातसून जातली बाईल कशी चलता ती बघूक नाय कधी? कॉलेजात काय शिकयतत रे तुमका?"

पुन्हा ते मागे निजले, पुन्हा मी गाडी नेली. या खेपेला मागून आवाजच आला नाही. मी घाबरून मागे पाहिलं, तर मामा डोळे उघडे ठेवून वरच्या टपाकडे बघत होते. "ने उत्तमाक," ते म्हणाले.

उन्हाळा आणि पावसाचे पहिले दोन महिने बाबा त्या जीपमधून म्हापशाला गेले. तो बारीक आवाज बंद झाला. एकदा तर ते वाटेत चक्क झोपले.

आता ते दुसरं कारण.

श्रावणात व्हाळाचं पाणी वाढलं. एका सकाळी मधोमध असताना पाणी दारातून आत आलं आणि इंजिन गुदमरल्यासारखं झालं. आई बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. गाडी निघाली. भीती मात्र आठवडाभर गेली नाही. रोज वाटायचं, पुढच्या खेपेला बंद पडणार. मामांना विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते. म्हणून मी त्यांना विचारलं नाही. पाट्यांची टोकं ज्या लोखंडी कड्यांत अडकवलेली असतात, त्या काढून मी दुसऱ्या एका ठिकाणी लांब कड्या बसवून घेतल्या. गाडी आणखी दीड इंच वर गेली. स्टिअरिंग थोडं भरकटतंय हे मला कळलं होतं. सवय होईल, असं मी स्वतःला सांगितलं.

पाचव्या दिवशी सड्याच्या उतारावरच्या वळणावर समोरून डंपर आला. मी डावीकडे घेतलं. गाडी कलली, आणि कललेली परत आलीच नाही. एका बाजूची दोन्ही चाकं जमीन सोडून वर गेली. जीप रस्त्याकडेच्या जांभ्याच्या बांधावर रेलून थांबली. बांध नसता तर खाली काजूची उतरण होती. मागे बाबा फळीवरून घसरून आईच्या अंगावर पडले होते. ते ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "माझे पाय खय आसत?"

तो प्रश्न मला अजून ऐकू येतो. संध्याकाळी इस्पितळात त्यांच्या अंगठ्याला संवेदना आली, हळूहळू पायही हलले. पण त्याआधीचे सात तास मी बाकावर बसून होतो. त्या वेळात गावातली माणसं इस्पितळात जमली. "कोणी वर केली गाडी?" कुणीतरी विचारलं. "डिचोलेच्या सगुणान," दुसरा म्हणाला. "म्हातारो झालो तो. हात थरथरतत त्येचे." सगळ्यांनी माना हलवल्या. मी तिथेच होतो. मी मान हलवली नाही, पण तोंडही उघडलं नाही.

दोन दिवसांनी मी लांब कड्या काढल्या, जुन्या बसवल्या आणि लांब कड्या काजूच्या झाडीत फेकून दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आले. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे, तिथून मोटरसायकलच्या मागे बसून. मोटरसायकलची तर त्यांना सर्वात जास्त भीती. आल्या आल्या ते जीपखाली शिरले. बोटांनी मोजलं. बरोबर तीन भरली. मग मागे निजले आणि मला त्याच वळणावरून न्यायला सांगितलं. मी नेलं. गाडी पूर्वीसारखीच गेली, अंगभर वाकून सरळ झाली.

मामा उतरले. बराच वेळ जीपला हात लावून उभे राहिले. "माका भय वाटाक नाय," ते म्हणाले. "हय गाडी पडली, आणि माका भय वाटाक नाय." ते मला सांगत नव्हते. त्यांची पाठ आयुष्यात पहिल्यांदा खोटी पडली होती, आणि ती मी पाडली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. बाबांना कळेल, आईला कळेल, कॉलेज बंद करतील, एवढंच डोक्यात येत राहिलं. आईने त्यांना चहा दिला. त्यांनी निजलेल्या बाबांच्या पायांना हात लावला, लहान मोठ्याच्या पाया पडतो तसा, आणि गेले.

महिन्याभराने कळलं की मामांनी शेडला कुलूप घातलं.

मी डिचोलीला गेलो तो मार्गशीर्षात. चार महिन्यांत म्हापशाच्या स्टँडवर मी तीनदा उभा राहिलो होतो आणि तिन्ही वेळा डिचोलीची बस समोरून जाऊ दिली होती. मामा घरात खिडकीपाशी खुर्ची टाकून रस्ता बघत बसले होते. खूप बारीक झाले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कुठल्या शब्दांत सांगितलं ते आठवत नाही.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दीड इंच."

"आणि मी इल्लंय त्या दिसा?"

"आदल्या दिवशी काढल्या होत्या."

ते आत वळून ओरडले, "सुनंदा! आयकलंस गो? माझी पाठ खोटी पडूक नाय!" आणि हसले. मोठ्याने, अंग हलेपर्यंत. मामी हात पुसत बाहेर आल्या तेव्हा मामांचं हसणं मधेच बदललं होतं. ते उठून उभे राहिले आणि खरंच थरथरत होते.

"चार म्हयने," ते म्हणाले. "उत्तमाची पाठ मीच मोडलंय म्हणान चार म्हयने मी अर्ध्या जेवणावरसून उठतंय. तुका एक दिस बस मिळाक नाय?"

"भियालो होतो, मामा."

"भियालंस? माका भय शिकयतंस? मी जन्मभर भियान जगलंय." त्यांनी खिडकीची चौकट धरली. "पण मी भियालंय की सोता मागे निजतंय. तू भियालंस, आणि माका निजवलंस."

मग ते बसले, रस्त्याकडे तोंड करून. "चाय पी. पयला घरा जावन उत्तमाक सांग. आणि हय परत येव नको."

मामींनी चहा दिला. मी तो प्यालो. मामांनी वळून पाहिलं नाही.

बाबांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कॉलेज बंद केलं नाही. फक्त म्हणाले, "सगुणाचा नाव तुझ्या तोंडातसून माका आयकाक नको." त्यानंतर मी हॉस्टेलला आलो. बाबा आता काठी घेऊन अंगणात फिरतात, असं आई फोनवर सांगायची. मामांचं ती सांगायची नाही आणि मी विचारायचो नाही. विचारलं तर काय ऐकावं लागेल, याची भीती वाटायची. रस्त्यात उंच केलेली जीप दिसली तरी मी मान फिरवत असे.

परवा बाबांनी स्वतः फोन केला. एरवी ते करत नाहीत.

"सगुण गेलो," ते म्हणाले. "आयतारा. सकाळी शेडीतच बसल्या जाग्यार."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "शेडमध्ये? शेड तर बंद होती ना?"

"बंद खय? शिमग्यापासून उघडी आसा. लोकांची रीघ होती. तुका कोणी सांगूक नाय?"

मी नाही म्हणालो.

"आता मये गावच्या एकाची जीप थय शेडीत तशीच पडान आसा," बाबा म्हणाले. "एका बाजूचे पाटे बसवन झाले, दुसऱ्या बाजूचे रवले."